शॅम्बल्स: तपासणी अहवालातील एका वाक्याचे प्रकरण

हे प्रकरण सहा इंग्रजी शब्दांच्या एका वाक्याचे आहे. "द स्टोअर वॉज इन टोटल शॅम्बल" एवढेच ते वाक्य. कारखान्याच्या स्टोअरमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या कोठारात, पूर्ण अव्यवस्था होती, असा त्याचा रोख. ते लिहिणारा तरुण अभियंता हुशार आहे, त्याने पाहिले ते खरे होते आणि त्याला काय म्हणायचे आहे हे वाचणाऱ्यांना ढोबळमानाने कळलेही. तरीसुद्धा त्या वाक्यापायी एका मालाची रवानगी दोन दिवस अडली आणि एक भला माणूस आमच्या कार्यालयावर मनापासून चिडला. वाक्यात चुका तीन होत्या, आणि त्यांतली जी पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती सर्वांत किरकोळ होती.

आमचे कार्यालय कारखान्यांची त्रयस्थ तपासणी करते. खरेदीदार परदेशात असतो, पुरवठादार चाकणला किंवा रांजणगावला असतो, आणि मोठी ऑर्डर देण्याआधी खरेदीदाराच्या वतीने कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन पाहून यावे लागते. अभियंते पाहून येतात, इंग्रजीत अहवाल लिहितात आणि तो बाहेर पडण्यापूर्वी भाषेच्या दृष्टीने तपासण्यासाठी माझ्या टेबलावर येतो. या खेपेला खरेदीदार उत्तर इंग्लंडमधला होता, पुरवठादार चाकणचा होता आणि माल होता रबरी सील व बेअरिंगचा. खरेदीदाराला पहिला अंदाज त्याच दिवशी हवा होता, म्हणून अभियंत्याने परतीच्या वाटेवर, गाडी वाहतूक कोंडीत अडकलेली असताना, मोबाइलवरून चार ओळींची मेल धाडली आणि तिची एक प्रत शिष्टाचार म्हणून कारखान्यालाही पाठवली. वरचे वाक्य त्या मेलमधले होते. माझ्यापर्यंत ते पोहोचले दुसऱ्या दिवशी सकाळी, दोन उत्तरांच्या सोबत.

पहिले उत्तर खरेदीदाराच्या गुणवत्ता विभागाकडून आले होते. ते तीनच ओळींचे आणि अतिशय सभ्य होते. तयार माल वापरण्याजोगा आहे की नाही, या आठवड्यातली रवानगी थांबवायची का, आणि कारखान्याच्या व्यवस्थापनाकडून लेखी खुलासा मागवायचा का, असे त्यात विचारले होते. आमचे उत्तर येईपर्यंत रवानगी थांबवत आहोत, अशी पुस्ती खाली होती. दुसरे उत्तर फोनवर आले आणि ते स्टोअर इनचार्जचे होते.

"मॅडम, पसारा होता हे मी कबूल करतो. दोन माणसं रजेवर होती. पण तुमच्या साहेबांनी आमच्या स्टोअरला खाटीकखाना म्हटलंय. मी डिक्शनरीत बघितलं. मी माळकरी माणूस आहे, वीस वर्षं झाली माळ घालून. हे लिहायची काय गरज होती?"

त्यांच्याकडे असलेला कोश जुना होता, पण खोटा नव्हता. तिकडे वळण्यापूर्वी स्टोअरमध्ये प्रत्यक्षात काय होते ते सांगितले पाहिजे, कारण या प्रकरणात त्याचाच सर्वांना विसर पडला होता.

अभियंत्याने फोटो काढले होते. दुसऱ्या गल्लीत जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यांच्या आत चार पॅलेट (माल रचायचे तळ) आडवी लावलेली होती, त्यामुळे फोर्कलिफ्टला मागच्या रॅकपर्यंत जाता येत नव्हते. पुठ्ठ्याचे एक खोके खालून फाटले होते आणि त्यातून सीलच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घरंगळून जमिनीवर आल्या होत्या. काही बिनांवर, म्हणजे सुटे भाग ठेवायच्या खणांवर, टॅग नव्हता. एका बिनावर दोन टॅग होते आणि दोन्हींवर वेगवेगळे पार्ट नंबर होते. नापास मालाच्या लाल पेटीवर कुणाचा तरी जेवणाचा डबा आणि हेल्मेट ठेवलेले होते. या सगळ्याच्या वर, भिंतीवर, फाइव्ह एसचा, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या जपानी पद्धतीचा, रंगीत फलक होता: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. फोटो जरा झूम करून पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसत होती, ती म्हणजे पहिली आणि तिसरी गल्ली अगदी नीट लावलेली होती. तयार माल तिसऱ्या गल्लीत होता. त्याच्या पेट्या सीलबंद होत्या आणि प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी होती.

म्हणजे "टोटल" हा शब्दसुद्धा खरा नव्हता.

शब्दाचे रूप

अभियंता माझ्यासमोर बसला तेव्हा त्याने आपली बाजू व्याकरणापासून मांडायला सुरुवात केली, आणि मलाही आधी व्याकरणच दिसले होते हे मान्य करायला हवे. अव्यवस्थेला म्हणायचे ते "शॅम्बल्स", शेवटच्या "स"सह. "शॅम्बल" हा वेगळा शब्द आहे. तो क्रियापद म्हणून वापरतात आणि त्याचा अर्थ पाय ओढत, फरफटत चालणे असा होतो.

"पण मॅडम, स्टोअर एकच आहे. मग 'स' कशाला? आणि 'अ शॅम्बल्स' म्हणायचं म्हणजे आधी एक म्हणायचं आणि मग अनेकवचन जोडायचं."

शंका रास्त होती. इंग्रजीत असे शब्द थोडे आहेत, पण आहेत: सैनिकांच्या निवासाला "अ बॅरॅक्स", फाशीच्या खांबाला "अ गॅलोज", चौरस्त्याला "अ क्रॉसरोड्स". रूप अनेकवचनी, वापर एकवचनी. मी त्याला म्हटले, "अरे, तू खाली टपरीवर जाऊन काय मागतोस? एक पोहे आणि दोन चहा. पोहे अनेकवचनी आहेत, प्लेट एक आहे, आणि 'एक पोहा द्या' म्हणालास तर टपरीवाला तुझ्याकडे बघत राहील." हे उदाहरण त्याला पटले. व्याकरणाच्या पुस्तकातले नियम पटतात त्यापेक्षा लवकर पटले, असे माझे निरीक्षण आहे.

दुसरा मुद्दा "इन"चा. ब्रिटिश वापरात एखादी जागा किंवा गोष्ट स्वतःच शॅम्बल्स असते, म्हणून "द स्टोअर वॉज अ शॅम्बल्स" असे लिहितात. अमेरिकेत "इन शॅम्बल्स" हे रूप रुळले आहे, आणि आपल्याकडच्या इंग्रजी वृत्तपत्रांतही रस्ते, शाळा, पाणीपुरवठा असे सगळे काही "इन शॅम्बल्स" असल्याचे नेहमी वाचायला मिळते. ते रूप चुकीचे म्हणता येणार नाही. "इन रुइन्स", "इन टॅटर्स" अशा अनेकवचनी शब्दांच्या ओळीत ते सहज बसते. "इन अ शॅम्बल्स" असेही लिहिणारे भेटतात. माझा स्वतःचा कल असा की, वाचणारा ब्रिटनमधला असेल तर "अ शॅम्बल्स" लिहावे आणि "इन"च्या फंदात पडू नये, कारण तिथल्या कानाला "इन शॅम्बल्स" थोडे परके वाटते आणि अहवाल वाचणाऱ्याचे लक्ष मजकुरावरून भाषेकडे वळते.

आमच्या अभियंत्याच्या वाक्याचा उगम मात्र मला नंतर उलगडला. त्याच्या डोक्यात दोन शुद्ध वाक्प्रयोग होते. एक "इन टोटल डिसअरे", ज्यात "डिसअरे"च्या आधी "अ" येत नाही. आणि दुसरा "अ टोटल शॅम्बल्स", ज्यात "अ" येतो आणि "इन" येत नाही. घाईत त्याने पहिल्याचे धड घेतले, दुसऱ्याचे शेपूट जोडले आणि "अनेकवचन नको" म्हणून शेपटाचे टोक छाटले. परक्या भाषेत लिहिताना होणाऱ्या कितीतरी चुका अशा असतात. दोन्ही वाक्प्रयोग माहीत असतात, पण त्यांचे सांधे माहीत नसतात.

बाकड्यापासून खाटीकखान्यापर्यंत

आता इनचार्जच्या कोशाकडे येऊ. लॅटिनमध्ये बाकाला "स्काम्नम" म्हणत. त्याचे लघुरूप जर्मन कुळातल्या भाषांनी उचलले. जर्मनमध्ये पाय ठेवायच्या चौरंगाला आजही "शेमेल" म्हणतात, आणि जुन्या इंग्रजीत "शेआमोल" म्हणजे स्टूल किंवा बाकडे. लॅटिन शब्दाच्या मुळाशी आधार देण्याच्या अर्थाचा जो धातू भाषाशास्त्रज्ञ मानतात, त्याच धातूशी संस्कृतातला "स्कंभ" जोडला जातो, आणि स्कंभावरून प्राकृतातून आपला "खांब" आला. म्हणजे "शॅम्बल्स" आणि "खांब" ही फार दूरची भावंडे आहेत. अहवालाशी याचा काही संबंध नाही. मला ही गोष्ट आवडते म्हणून इथे लिहिली.

मध्ययुगात हे बाकडे बाजारात आले. मांस मांडून विकायच्या टेबलाला तो शब्द लागला, अशी बाकडी जिथे ओळीने मांडत त्या मांसबाजाराला अनेकवचनी "शॅम्बल्स" म्हणू लागले, आणि "स" तेव्हापासून चिकटला तो कायमचा. सोळाव्या शतकात त्याच शब्दाने कत्तलखानाही ओळखला जाऊ लागला. १६११ मध्ये छापलेल्या इंग्रजी बायबलात, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, शॅम्बल्समध्ये जे विकले जाते ते खुशाल खा, असा उपदेश आहे. तिथे शब्दाचा अर्थ निव्वळ मांसबाजार असा आहे आणि अलीकडच्या भाषांतरांत त्या जागी सरळ "मीट मार्केट" लिहिलेले आढळते.

हा अर्थ आजही पायांखाली पाहायचा असेल तर यॉर्क शहरात जावे लागते. तिथे "द शॅम्बल्स" नावाची एक गल्ली आहे. चौदाव्या आणि पंधराव्या शतकांतली लाकडी सांगाड्याची घरे तिच्या दोन्ही बाजूंना आहेत, आणि त्यांचे वरचे मजले खालच्यांपेक्षा पुढे आलेले असल्यामुळे समोरासमोरची छपरे एकमेकांना टेकायला आल्यासारखी दिसतात. ऊन थेट मांसावर पडू नये म्हणून अशी रचना सोयीची होती, असे सांगितले जाते. १८७२ मध्ये या एका गल्लीत खाटकांची २५ दुकाने होती. आज एकही नाही. खाऊची, कलाकुसरीच्या वस्तूंची आणि पर्यटकांसाठीची दुकाने आहेत. पण दुकानांच्या खिडक्यांखाली बाहेर काढलेल्या रुंद फळ्या अजून आहेत. मांस मांडले जाई ते या फळ्यांवर. आणि काही दुकानांच्या दर्शनी भागावर लोखंडी आकडेही तसेच आहेत. वूस्टर आणि मँचेस्टरमध्येही हे नाव टिकून आहे. आपल्याकडे एखाद्या गावात मटणाची दुकाने कधीच हलली तरी रिक्षावाल्याला जागा सांगताना "खाटीक आळी"च म्हणतात, तसे ते आहे.

कत्तलखान्यावरून शब्द रणभूमीवर गेला. शेक्सपिअरच्या "सहावा हेन्री" नाटकाच्या तिसऱ्या भागात, पहिल्याच प्रवेशात, राजा म्हणतो की, पार्लमेंटच्या वास्तूचा शॅम्बल्स करण्याचा विचारही माझ्या मनाला न शिवो. आजच्या वाचकाला यात आरडाओरडा, फाडलेले कागद आणि तहकूब झालेले कामकाज दिसेल. राजाला मात्र रक्त अभिप्रेत होते. सशस्त्र माणसे सभागृहात घुसलेली आहेत आणि तिथे मुडदे पडू नयेत असे त्याला वाटते आहे. आपल्या प्रकरणाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट या ओळीत आहे: मूळ इंग्रजीत शब्दाच्या आधी "अ" आहे आणि शेवटी "स"ही आहे. अभियंत्याला जे विचित्र वाटले ते चारशे वर्षांपूर्वीही तसेच लिहिले जात होते.

कत्तलीवरून उद्ध्वस्त जागा, आणि उद्ध्वस्त जागेवरून निव्वळ अव्यवस्था, हा शेवटचा टप्पा अगदी अलीकडचा, विसाव्या शतकातला आहे. मराठी माणसाला या घसरणीचे नवल वाटायला नको. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे झाले त्याने एका गावाचे नाव आपल्या भाषेत पराभवाचे सामान्यनाम झाले, आणि आज निवडणुकीत, क्रिकेटमध्ये, अगदी बारावीच्या गणिताच्या पेपरातही कुणाचे ना कुणाचे पानिपत होत असते. बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तेव्हा एकही प्रेत नसते. "गोंधळ" तर उलट्या दिशेने आला: देवीपुढे संबळाच्या साथीने रात्र जागवणारा विधी तो, आणि आता कार्यालयातली फाइल सापडली नाही तरी गोंधळच.

म्हणून इनचार्जला मी सांगितले की, तुमच्या कोशातला अर्थ खरा आहे, पण आजच्या इंग्रजीत हा शब्द ऐकून कुणाला खाटीक आठवत नाही. शब्दाचे मूळ बाकड्यात आहे हेही सांगितले. त्यावर ते काही क्षण थांबले आणि म्हणाले, "मग बाकडंच म्हणायचं होतं की, मॅडम." राग थोडा उतरला होता. पूर्ण उतरला नव्हता, आणि त्याला कारण होते. त्यांना शब्दार्थ चुकीचा सापडला असला तरी बोच बरोबर लागली होती.

खरी चूक

"शॅम्बल्स"मध्ये निव्वळ वर्णन नसते, ठपका असतो. ब्रिटिश बोलण्यात हा शब्द बहुधा माणसांनी केलेल्या ढिसाळपणाला लावतात: एखादी बैठक, संघाचा बचाव, रेल्वेचे वेळापत्रक, मंत्र्याने केलेला खुलासा. त्याच्यावरून झालेले विशेषण "शॅम्बॉलिक" हेही तसेच आहे. एका विनोदी दूरचित्रवाणी मालिकेने २००९ मध्ये "ऑम्निशॅम्बल्स" असा शब्द घडवला, विरोधी पक्षनेते एड मिलिबँड यांनी एप्रिल २०१२ मध्ये पार्लमेंटमध्ये सरकारच्या अर्थसंकल्पाला तो लावला, आणि त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या कोशकारांनी तो ब्रिटनसाठी वर्षाचा शब्द म्हणून निवडला. ज्या शब्दाने विरोधी पक्षनेता सरकारला झोडपतो तो शब्द आपण चाकणच्या चार पॅलेटना लावत आहोत, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

मराठीत सांगायचे तर त्याला "पसारा पडला होता" असे लिहायचे होते आणि त्याने "बोजवारा उडाला होता" असे लिहिले. पसारा आवरता येतो. पसाऱ्यासाठी कुणी लेखी खुलासा मागत नाही. बोजवारा उडाला म्हटले की तो कुणी उडवला हा प्रश्न पाठोपाठ येतोच. खरेदीदाराचे तिन्ही प्रश्न त्या शब्दाला धरून होते, आणि त्या अर्थाने त्याने आमचे वाक्य अगदी नेमके वाचले होते. अशुद्ध व्याकरण त्याने मनातल्या मनात दुरुस्त केले असणार. अतिरेकी शब्द दुरुस्त करण्याचा त्याला काही मार्ग नव्हता, कारण दुसरी गल्ली त्याने पाहिली नव्हती.

मी अभियंत्याला विचारले की, व्याकरण सुधारून "द स्टोअर वॉज अ टोटल शॅम्बल्स" असे लिहिले असते तर काय झाले असते. त्याने थोडा विचार करून उत्तर दिले, "मॅडम, तर त्यांनी ऑर्डरच थांबवली असती." हे उत्तर मला फार आवडले. चुकीच्या इंग्रजीमुळे शब्दाची धार थोडी बोथट झाली होती, आणि तेच आमच्या पथ्यावर पडले होते.

मग कोणता शब्द घ्यायचा होता? इंग्रजीत यासाठी बरेच साधे शब्द आहेत आणि त्यांच्या छटा आपल्या ओळखीच्या आहेत. "अनटायडी" म्हणजे आवरलेले नसलेले. "क्लटर्ड" म्हणजे जागेच्या मानाने वस्तू फार झालेल्या, आपण ज्याला अडगळ म्हणतो तशी. "डिसऑर्गनाइज्ड" म्हणजे मुळात लावण्याची पद्धतच नसलेले. हा शब्द व्यवस्थापनाकडे बोट दाखवतो. "इन डिसअरे" म्हणजे आधी असलेली घडी विस्कटलेली. दुसऱ्या गल्लीला "क्लटर्ड" शोभला असता, टॅगच्या बाबतीत "डिसऑर्गनाइज्ड"च्या जवळपास जाता आले असते, आणि तिसऱ्या गल्लीला यांपैकी कोणताच शब्द लागू नव्हता.

"मेस" राहिला. अभियंत्याने तो सुचवला आणि मी नको म्हटले, कारण तोही बोलण्यातला शब्द आहे. घरच्या माणसाने मुलाच्या खोलीला म्हणायचा. पण त्यावरून आमचे थोडे विषयांतर झाले, कारण त्याला जेवणाची मेस आणि पसाऱ्याचा मेस हे दोन वेगळे शब्द वाटत होते. ते एकच आहेत. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा पहिला अर्थ ताटात वाढलेला घास किंवा जिन्नस असा होता. एका पंगतीला जेवणाऱ्यांचा गट, लष्करी भोजनालय आणि त्यावरून आपली सदाशिव पेठेतली महिन्याचे पैसे आगाऊ भरायची मेस ही त्याची एक शाखा. आणि जनावरांपुढे टाकलेले कालवलेले खाणे, मग कुठलीही कालवाकालव, मग पसारा ही दुसरी. तो स्वतः चार वर्षे मेसला जेवला होता. दोन्ही अर्थ एकाच शब्दात का आहेत हे समजायला आपल्याला कोशाची गरज नाही, असे त्याने म्हटले.

सुधारलेला मजकूर

त्या दुपारी खरेदीदाराला दुसरी मेल गेली आणि त्यानंतर दोन दिवसांनी पूर्ण अहवाल. स्टोअरबद्दलचा परिच्छेद आम्ही दोघांनी मिळून लिहिला. त्याची सुरुवात अशी होती: "इन आइल टू, फोर पॅलेट्स ब्लॉक्ड द मार्क्ड गँगवे, अँड द फोर्कलिफ्ट कुड नॉट रीच द रिअर रॅक्स." पुढची वाक्येही याच चालीने होती. फाटलेले खोके एक होते, त्यातल्या पिशव्या बंद होत्या, म्हणून मालाला बाधा आलेली नाही. टॅग नसलेल्या बिनांचे क्रमांक एकेक करून दिले. दोन टॅग असलेल्या बिनाचा स्वतंत्र उल्लेख केला आणि त्यावर दोन्ही पार्ट नंबर लिहिले, कारण साऱ्या स्टोअरमध्ये खरी धोक्याची गोष्ट तेवढी एकच होती. चुकीचा सील चुकीच्या पेटीत जाण्याची शक्यता तिथे होती, आणि पहिल्या मेलमध्ये नेमकी तीच "टोटल शॅम्बल"खाली गाडली गेली होती. लाल पेटीवरचा डबा आणि हेल्मेट यांचाही उल्लेख झाला. तो ठेवावा की नाही यावर आम्ही बराच वेळ घालवला. मी म्हणत होते की ते क्षुल्लक आहे. अभियंता म्हणत होता की नापास मालाच्या पेटीचे झाकण उघडायला लोकांना अडचण झाली तर नापास माल दुसरीकडे ठेवला जातो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. त्याचे खरे होते, उल्लेख राहिला. शेवटी पहिली आणि तिसरी गल्ली नीट लावलेली असल्याचे आणि तयार माल सीलबंद असल्याचे एक वाक्य होते.

पूर्ण परिच्छेदात अव्यवस्थेला एकही विशेषण नव्हते. "क्लटर्ड"सुद्धा गळले. चार पॅलेट आणि एक अडलेली फोर्कलिफ्ट वाचल्यावर त्याची गरज उरली नाही.

खरेदीदाराने दुसरी मेल मिळाल्यावर रवानगी सोडली आणि दोन टॅगांच्या बिनाबद्दल अहवालानंतर एक नेमका प्रश्न विचारला. इनचार्जला आम्ही परिच्छेदाची प्रत पाठवली. त्यांनी ती वाचून एकच दुरुस्ती सुचवली: टॅग नसलेल्या बिनांच्या यादीतला एक क्रमांक आम्ही चुकीचा लिहिला होता. आम्ही फोटो पुन्हा पाहिला. त्यांचे बरोबर होते.

त्यानंतर आमच्या कार्यालयात असा दंडक झाला की, प्रवासातून पाठवायच्या पहिल्या मेलमध्ये फक्त मोजता येईल किंवा फोटोत दाखवता येईल असेच लिहायचे, मत लिहायचे नाही. "शॅम्बल्स" या शब्दावर बंदी मात्र मी घातलेली नाही. घालायची गरजही पडली नाही. गेल्या पावसाळ्यात तोच अभियंता सोलापूरकडच्या एका कारखान्याहून रात्री उशिरा परतला. जाताना बस बंद पडली होती, येताना आरक्षण दुसऱ्याच तारखेचे निघाले होते, आणि कारखान्यात पोहोचल्यावर कळले होते की तपासणीची तारीख आम्ही त्यांना कळवलीच नव्हती. प्रवासखर्चाच्या अर्जाला जोडलेल्या टिपणात त्याने आमच्या नियोजनाबद्दल लिहिले होते, "द होल ट्रिप वॉज अ शॅम्बल्स." "अ" जागेवर होता, "स" जागेवर होता, "टोटल" नव्हते. तारीख कळवायचे काम माझे होते. मी अर्जावर सही केली आणि तो लेखा विभागाकडे पाठवला.